खिशातला नट

तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आमच्या सरांनी एकदा विचारलं, "वेल्डिंगचा करंट रॉडमधून लोखंडात जातो. तिथून पुढे कुठे जातो?"

सगळे वहीत बघायला लागले. मी सहसा वर्गात हात वर करत नाही. माझं बोलणं ऐकून मागच्या बाकावर हसतात, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "सर, तो परत मशीनकडे जायला बघतो. आपण दिलेली वाट जवळची असेल तर त्या वाटेनं. नाहीतर जी सापडेल ती धरतो. बॅटरीतून, वायरीतून, कशातूनही."

सर म्हणाले, "बरोबर. कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"आमच्या शेजारचे एक काका सांगायचे."

"इंजिनिअर आहेत का?"

मी "नाही" म्हणाले आणि खाली बसले. सरांनी पुढे नाव विचारलं नाही, ते बरं झालं. अडीच वर्षांपासून आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही. आई घेत नाही, बाबा तर नाहीच. मीही घेत नव्हते. इथे लिहून पाहते. त्यांचं नाव शेषराव. मी त्यांना शेषरावकाका म्हणायची.

काका अकोल्याचे. पण काम अमरावतीला, बडनेरा रोडवरच्या एका यार्डात. या यार्डात दोन चाकांचे आणि चार चाकांचे ट्रेलर बनतात. कुणाला पाण्याची टाकी ओढून न्यायची असते, कुणाला जनरेटर, कुणाला जत्रेसाठी फिरते संडास. कौंडण्यपूरच्या जत्रेला, मोझरीच्या कार्यक्रमांना जे पाण्याचे ट्रेलर उभे असतात त्यांतले बरेचसे इथलेच. माझे बाबा त्या यार्डात वेल्डर आहेत, काका इलेक्ट्रिशियन होते. बडनेऱ्यात आमच्या घराला लागून एक खोली आहे, तिथे ते एकटे राहायचे. काकू आणि मुलगा अकोल्याला. शनिवारी चारच्या पॅसेंजरनं काका घरी जायचे, सोमवारी सकाळी परत यायचे.

उंच होते, वाळके होते आणि थोडे पुढे वाकलेले. पँटवर ॲसिडनं पडलेली बारीक बारीक भोकं. आई म्हणायची, "भाऊजी, पँट आहे का गाळणी?" ते म्हणायचे, "वहिनी, हवा खेळते." शर्ट मात्र नेहमी दोन खिशांचा शिवून घ्यायचे. उजव्या खिशात चष्मा. डाव्या खिशात काहीच ठेवायचे नाहीत. तो खिसा कामाचा होता.

त्या खिशाबद्दल सांगायला हवं.

गाडीवर किंवा ट्रेलरवर वेल्डिंग करायचं असेल, तर आधी बॅटरीची तार सोडवावी लागते. नाहीतर वेल्डिंगचा करंट वायरिंगमध्ये शिरतो आणि जे सापडेल ते जाळतो. हे सगळ्याच यार्डांत माहीत असतं, पण घाईत कुणी करत नाही. काकांनी त्यासाठी स्वतःचा एक कायदा केला होता. तारेचा नट ते स्वतः पान्यानं काढायचे, डाव्या खिशात टाकायचे, वरून दोनदा थोपटायचे आणि बाबांना म्हणायचे, "मार, भास्कर." त्यांनी खिसा थोपटल्याशिवाय बाबांनी आर्क मारायचा नाही. काम संपलं की बाबा होल्डर खाली ठेवून तोंडावरचा मास्क वर करायचे, मग काका खिशातून तोच नट काढून परत बसवायचे. बसवल्यावर नट आणि बोल्ट या दोघांवरून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. नंतर कुणी नट फिरवला, तर ती रेघ मोडते आणि लगेच कळतं.

दुसरं कुणी नट काढलेला त्यांना चालायचा नाही. बाबा चिडवायचे, "शेषराव, तू मेल्यावर या यार्डात वेल्डिंग कसं करावं बाप्पा?"

"माह्या खिसा कापून ठेवजो."

एकदा जत्रेच्या आदल्या दिवशी सहा ट्रेलर जायचे होते. मालकांचा मुलगा ओरडत होता. काकांनी नट काढला, खिसा थोपटला, बाबांनी काम उरकलं. आणि काका तसेच शनिवारची गाडी पकडायला निघून गेले. नट खिशात. गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला आणि त्यांना कळलं. ते तिथेच उतरले. समोरून येणारी गाडी पकडून बडनेऱ्याला आले, चालत यार्डात आले. तोवर मालकांच्या मुलाचं डोकं फिरलं होतं.

"काका, नट काय एकच आहे का यार्डात? डबे भरून पडलेत!"

"नट ढीगभर हायेत. हा नव्हता."

नट बसवला, पिवळी रेघ ओढली. त्या दिवशी मग अकोल्याला गेलेच नाहीत. आमच्याकडे जेवले. आईनं विचारलं, "घरी ताई रागावल्या नसतील का?" तर म्हणाले, "तिले फोन केला. ते मने, तुमी त्या नटाशीच लग्न कराले पाह्यजे होतं." बाबा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. बाबांचं तसं हसणं मी नंतर ऐकलेलं नाही.

मोठ्या ट्रेलरांना त्यांनी एक जास्तीची छोटी बॅटरी बसवायला लावली होती. मालकांशी भांडून बसवली होती. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, जिथून तो गाडीला जोडतात, तिथे लोखंडी डब्यात ही बॅटरी असते. डब्यातून एक पिन बाहेर आलेली असते आणि त्या पिनेची तार ओढणाऱ्या गाडीला बांधलेली असते. चालताना कधी जोड तुटला आणि ट्रेलर सुटा झाला, तर तारेनं पिन उपसली जाते. पिन निघाली की बॅटरीचा करंट ब्रेकना मिळतो आणि ट्रेलरची चाकं आपोआप जागीच आवळली जातात. एवढंच तिचं काम. बाकी सगळा वेळ ती डब्यात बसून असते.

काका तिला मुकी म्हणायचे.

"गाडीची बॅटरी रोज बोंबलते," ते मला सांगायचे, "चाबी फिरवली का समजते, जित्ती हाय का मेली. हे मुकी हाय. दोन दोन वर्सं बोलत नाही. मंग एक दिवस तिले एकदाच बोला लागते, अन् त्या दिवशी नाही बोलली तं संपलं. म्हणून तिले आपणच विचारत राहा लागते."

विचारायची त्यांची पद्धत ठरलेली होती. नुसता मीटर लावून समाधान मानायचं नाही. मीटर लावला तर मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा बारा व्होल्ट दाखवते. म्हणून यार्डातून ट्रेलर बाहेर पडायच्या आधी ते पिन उपसायचे आणि ट्रेलर ढकलायला सांगायचे. चाकं हलली नाहीत की बॅटरी खरी. पिन लगेच परत बसवायची, कारण बाहेर राहिली तर बॅटरी उतरते. छोट्या बॅटऱ्यांसाठी त्यांच्याकडे हेडलाइटचा एक जुना बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. बल्ब लावायचे आणि मिनिटभर त्याच्याकडे बघत उभे राहायचे.

"मीटर काई मांगत नाही, म्हणून बॅटरी त्याले हो म्हणते," ते म्हणायचे. "बल्ब मांगते. लोड देऊन पाहा लागते, बाई."

माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा आई पेढे घेऊन त्यांच्या दाराशी गेली. आमच्या घरात, खरं तर बाबांच्या सगळ्या भावकीत, बारावी पास झालेली मी पहिली. काकांनी पेढा खाल्ला, हात पँटला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "हे मीटर झालं," म्हणाले. "लोड आता पुढं हाय." मला तेव्हा थोडा राग आला होता. चांगलं काही म्हणायचं सोडून हे काय, असं वाटलं.

त्याच सुट्टीतली गोष्ट. माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन व्हायची होती. मी दुपारी बाबांचा डबा घेऊन यार्डात जायची. काका त्या आठवड्यात मंगळवारी नव्हते, अकोल्याला कुणाचं तरी लग्न होतं. यार्डात एक पाण्याचा ट्रेलर दुरुस्तीला आला होता, चिखलदऱ्याच्या एका हॉटेलचा. खालून परतवाड्याहून वर पाणी न्यायचा. पुढच्या दांडीला चीर गेली होती. ट्रेलर ओढणारी पिकअप केव्हाच निघून गेली होती. ट्रेलर नुसताच सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेला होता.

बाबांनी करंट परत मशीनकडे नेणारी अर्थिंगची क्लिप मागे चाकाच्या ॲक्सलला लावली, कारण तिथे रंग नव्हता. आणि पुढे येऊन दांडीवर आर्क मारायला बसले. म्हणजे करंट पुढून मागे जाणार होता, पूर्ण ट्रेलरभर. दांडीवरचा लोखंडी डबा बंद होता. त्याचं झाकण कुणी उघडलेलं नव्हतं.

मी जेवणाचा डबा खाली ठेवला. मी म्हणाले, "बाबा, नट?"

बाबा मास्क वर करून म्हणाले, "गाडीच नाही जोडेल. नट कायचा?"

मला माहीत होतं. मुकी त्या डब्यात आहे आणि तिचाही नट काढायचा असतो, हे मला शेषरावकाकांनी दहा वेळा सांगितलं होतं. बाबांनाही माहीत होतंच. पण समोर गाडी उभी नसली की बॅटरीची आठवण येत नाही, हात सरळ कामाला लागतो. मी पुन्हा विचारायला हवं होतं. बाबांना उन्हात घाम आला होता, ते चिडलेले दिसत होते. आणि मला वाटलं, मला काय कळतं. मी मागे सरले आणि ठिणग्यांकडे बघायचं नाही म्हणून मान फिरवून उभी राहिले.

ट्रेलर शनिवारी यार्डातून गेला. तो गेला तेव्हा काका कामावर होते.

पुढचं मला घरातल्या बोलण्यावरून कळलं. तीन आठवड्यांनी चिखलदऱ्याच्या घाटात एका वळणावर ती पिकअप चढावर अडली. ड्रायव्हरसोबत एक माणूस होता, परतवाड्याचा. गाडी मागे येऊ नये म्हणून तो चाकाखाली दगड लावायला उतरला. घाटात सगळेच असं करतात. तो ट्रेलरच्या मागे गेला आणि त्याच वेळी जोडाची खीळ तुटली. ट्रेलर सुटला. पिन उपसली गेली. ती नंतर पिकअपच्या मागे तारेला लटकलेली सापडली. सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं, फक्त ब्रेक लागले नाहीत. भरलेली टाकी होती. तो माणूस जागीच गेला. घरी बायको आणि दोन मुली.

बॅटरी तपासली तेव्हा मीटरवर व्होल्ट दाखवत होती. बल्ब लावला की विझायची. आतला जोड अर्धवट वितळलेला होता. काकांनीच ती उघडून दाखवली म्हणे, सगळ्यांसमोर.

यार्डात पोलीस आले, मालक आले, मालकांचा मुलगा आला. सगळ्या माणसांना रांगेत उभं केलं. मालकांनी विचारलं, "या ट्रेलरवर काम कोणी केलं?" बाबा रांगेत चौथे होते. हे बाबांनी त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं. मी भिंतीपलीकडे होते. बाबा म्हणाले, "म्या तोंड उघडलंच होतं वो. खरंच उघडलं होतं." पण त्याआधी काका पुढे झाले होते.

"आखरी हात माह्या होता," काका म्हणाले होते. "तपासून गाडी बाहेर काहाडाचं काम माहं. दुसऱ्या कोनाचं नाही."

मालकांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. काकांवर केस झाली. कामावरून त्याच दिवशी कमी केलं. बाबांना कुणी काही विचारलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात माझी ॲडमिशन झाली.

काकांनी खोली सोडली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. सकाळचे नऊ वाजले असतील. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि गोधडीच्या कापडाची पिशवी, ज्यात मीटर असायचा. आई दारात उभी होती आणि पदरानं तोंड झाकून रडत होती. बाबा मागच्या अंगणात बसले होते. हातात वेल्डिंगचा मास्क होता आणि त्याची काच ते फडक्यानं पुसत होते. खूप वेळ पुसत होते.

काका घरातून सरळ मागच्या दारापर्यंत आले. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला नाही.

"भास्कर, जातो बाप्पा."

बाबांनी मान वर केली नाही.

काका थांबले. मला वाटलं, आता बाबा उठतील. एक मिनिट तरी गेलं असेल. शेजारच्या नळाला पाणी आलं, बायका बादल्या घेऊन ओरडायला लागल्या, आणि बाबा तसेच पुसत राहिले.

"काच बदल आता," काका म्हणाले. "लई घासली हाय ते. डोये जातीन."

आणि गेले. पेटी उचलायला मी मदत केली, ऑटोपर्यंत. त्यांनी मला विचारलं, "कोनती ब्रांच भेटली?" मी म्हणाले, "इलेक्ट्रिकल." त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला.

मला पुष्कळ दिवस असं वाटत होतं की त्यांनी हे माझ्यासाठी केलं. बाबांची नोकरी गेली असती तर माझं कॉलेज झालं नसतं, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना मनात फार मोठं करून ठेवलं होतं. त्यामुळे अभ्यासाला बसले की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं. एकदा मी आईजवळ बोलून दाखवलं. बाबा घरात आहेत हे माझ्या लक्षात नव्हतं. ते बाहेर आले आणि म्हणाले, "त्यानं तुह्यासाठी काही नाही केलं. मले जिंदगीभराची लाज देऊन गेला तो." मग चप्पल घालून बाहेर निघून गेले. बाबा काकांवर रागावलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या प्रॅक्टिकलनंतर मला राहवेना. रविवारी मी आईला सांगून अकोल्याला गेले. आईनं कुरडयांची पिशवी दिली आणि म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू नको."

घर जुन्या शहरात, एका अरुंद गल्लीत. काकूंनी दार उघडलं. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी बसायला सतरंजी टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता आली वो?" मी कुरडयांची पिशवी पुढे केली. काका घरात नव्हते. काकूंनी फळीवरचा डालड्याचा एक जुना डबा काढून माझ्यासमोर आपटला.

"हे पाह्य."

डबा नटांनी अर्धा भरला होता. लहान, मोठे, गंजलेले, नवे.

"लोकाच्या गाड्याचे हायेत. रस्त्यानं जाता जाता कोठी वेल्डिंग दिसलं का हे घुसतात. ऑटो असो, मोटरसायकल असो. नट काढतात अन् खिशात टाकतात. परवा शाळेच्या व्हॅनवाला आला होता, घरापर्यंत. शिव्या देऊन गेला. पोरगा म्हणते, बाबाले बाहीर जाऊ नको देऊ. मी का बांधून ठेवू माणसाले?"

थोड्या वेळानं काका आले. आणखी वाकले होते. शर्ट दोन खिशांचाच होता, पण धुऊन धुऊन विरलेला. डावा खिसा खाली लोंबत होता. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"इंजिनेर! कावून आली? भास्कर बरा हाय ना?"

"बरे आहेत."

"काच बदलली का त्यानं?"

"हो."

चहा झाला. त्यांनी कोर्टाच्या तारखांचं सांगितलं, जणू बसच्या वेळा सांगाव्यात तसं. मग स्वतःहूनच म्हणाले की एकदा तारखेवरून परतताना ते परतवाड्याला उतरले होते. पत्ता विचारत त्या माणसाच्या घरी गेले. बायको अंगणात धान्य पाखडत होती. तिला वाटलं कुणी वाटसरू आहे. तिनं विचारलं, पाणी पाहिजे का बाबा?

"मग?"

"पेलो पाणी. लहानी पोरगी गडवा घेऊन आली." ते थांबले. "नाव नाही सांगितलं म्या. सांगाले गेलतो. पाणी पेलो अन् आलो."

मी मग जे बोलायला आले होते ते बोलून टाकलं. नीट बोलता आलं नाही. म्हणाले, "काका, मी तिथे होते. मंगळवारी. बाबांनी मुकीचा डबा उघडलाच नाही. मी पाहिलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही आमच्यासाठी—"

"थांब," ते म्हणाले. "मले माहीत हाय."

"काय?"

"बुधवारी आलो न मी लग्नावरून. दांडीवर नवं वेल्डिंग, अन् मुकीच्या नटावरची पिवळी रेघ जशीच्या तशी. मंग समजलं नाही का? भास्करनं नट काढलाच नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्या कोनासाठी काई केलं नाही, बाई. शनिवारी गाडी बाहेर काहाडाची होती. पिन उपसली असती तं दोन मिनिटात कळलं असतं. चाकं फिरली असती. मंग मालकाचं पोट्टं मनलं असतं, काहून जळली, कोनी जाळली. भास्कर बाजूलेच उभा होता. त्याच्या तोंडाकडं पाहिलं म्या. अन् चारची गाडी होती माही." त्यांनी डाव्या खिशावर हात ठेवला. "म्या मीटर लावला. मीटर हो मनला. मले होच पाह्यजे होतं."

काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला.

काकांनी रिकामी कपबशी बाजूला सरकवली. मग ते एकदम पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं, जे मी आल्यापासून नव्हतं.

"आता कोन काढते नट? यार्डात?"

आता कुणी काढत नाही. नवा इलेक्ट्रिशियन आहे, तो दोन यार्डं सांभाळतो, दिवसाआड येतो. मी महिन्यापूर्वी डबा द्यायला गेले होते, तेव्हा बाबा एका जोडलेल्या ट्रेलरवर काम करत होते. गाडी समोर उभी होती, बोनेट बंद होतं. मी काही बोलले नाही. त्या वेळीही नाही.

"बाबाच काढतात," मी म्हणाले.

"स्वता?"

"हो. खिशात ठेवतात. डाव्या."

"अन् मुकीचा?"

"तिचाही."

"पिन उपसून पाहाते का ढकलून?"

"हो काका. प्रत्येक वेळी."

ते मागे टेकले. डोळे मिटले. त्यांचा चेहरा इतका सैल झाला की मला तो बघवेना. "मंग झालं," ते हळूच म्हणाले. "मंग काई हरकत नाही." त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. बल्ब लावून मिनिटभर बघत उभे राहणारा माणूस, पण माझ्याकडे त्यांनी तसं पाहिलं नाही.

निघताना त्यांनी डब्यात हात घालून चाचपून एक नट काढला. त्याच्यावर अर्धी पिवळी रेघ होती. कुठल्या ट्रेलरचा, मी विचारलं नाही. "भास्करले दे," म्हणाले. तो नट अजून माझ्या कंपासमध्ये आहे. बाबांना तो देताना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

ते मला ऑटोपर्यंत सोडायला आले. रस्त्यावर गर्दी होती. मी शेअर ऑटोत मागच्या बाजूला, उघड्या तोंडाशी बसले. ते हात हलवत उभे होते. ऑटो सुटला आणि थोडंसं पुढे जाऊन दुसऱ्या सवारीसाठी थांबला, म्हणून मला ते दिसलं.

रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या शटरला एक जण वेल्डिंग करत होता. ठिणग्या दिसल्या तशी काकांची मान वळली. हात हलवायचा थांबला. गाड्यांमधून वाट काढत ते पलीकडे गेले आणि त्यांनी त्या माणसापुढे तळहात आडवा धरला. त्यानं मास्क वर केला. तो काहीतरी म्हणाला. काका शटरसमोर वाकले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाली हात घालून चाचपलं. ते बॅटरी शोधत होते. भिंतीत बसवलेलं शटर होतं, त्याला कुठली बॅटरी? तो माणूस हसला, आणि मग हसायचा थांबला. मास्क कपाळावर ठेवून तो त्यांच्याकडे बघत राहिला.

ऑटो निघाला तेव्हा काका गुडघ्यावर बसलेले होते. एक हात शटरखाली होता आणि दुसरा डाव्या खिशाचं तोंड उघडून धरत होता.